सुरत: आपल्या खान्देशाचं बंदर

आजचा एपिसोड फिरण्याचा आहे, पण थोडा इतिहासातून फिरण्याचा.

दोंडाईचा स्टेशनवर पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या कुणालाही विचारा, कुठे निघालात? हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "सुरतले जाई ऱ्हायनू." कुणी लूमवर कामाला, कुणी लग्नाचा बस्ता घ्यायला, कुणी लिंबायतला बहिणीकडे, कुणी उधन्याला मामाकडे. आपल्याकडे असं घर शोधावं लागेल ज्याचं कुणीच सुरतेत नाही. पण "सुरत बघायला चाललो" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बघायला आपण गोव्याला जातो, मुंबईला जातो. सुरतेला आपण कामाला जातो.

आणि सुरत तर एके काळी मुघल साम्राज्याचं सगळ्यात मोठं बंदर होती. इंग्रज, डच, फ्रेंच, आर्मेनियन, तुर्क, अरब, इराणी, सगळे तिथे धंद्याला आलेले. त्यांच्या खुणा आजही उभ्या आहेत. इतकं जुनं बंदर आपल्यापासून साधारण दोनशे किलोमीटरवर, एका गाडीत, तिकीट बदलायची गरज नाही.

आज आपण चार ठिकाणं बघू. पण जाता जाता एक प्रश्न डोक्यात ठेवा: एवढ्या सगळ्या जुन्या सुरतेत आपला खान्देश कुठे आहे?

जहाज न दिसणारं बंदर

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू. सुरतेला जाऊन तुम्ही समुद्र शोधाल तर तो शहरात सापडणार नाही. सुरत तापीच्या काठावर आहे. आपलीच तापी, जी प्रकाशा, सारंगखेड्यावरून जाते. तापीच्या मुखाशी गाळ फार, त्यामुळे मोठी जहाजं शहरापर्यंत यायचीच नाहीत. ती थांबायची सुवाळीला, शहरापासून साधारण वीस किलोमीटर लांब, समुद्रकिनाऱ्यावर. तिथून माल छोट्या होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात यायचा.

१६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स नावाचा इंग्रज ‘हेक्टर’ जहाजातून आला तो इथेच. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली ती याच सुवाळीसमोर. त्यानंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालायची परवानगी मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीची भारतातली पहिली पक्की जागा ती हीच.

म्हणजे बघा, सुरत हे शहर जहाजांचं कमी आणि गोदामांचं जास्त. माझ्या भाषेत सांगायचं तर सुवाळी फक्त पोर्ट होतं, सर्व्हर सुरतेत होता. आणि सर्व्हरवर डेटा कुठून यायचा? त्याकडे येऊच.

पहिला स्टॉप: चौकातला किल्ला

स्टेशनवरून बाहेर पडलात की दिल्ली गेट. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथून राजमार्ग सरळ चौक बाजारला जातो, तीनेक किलोमीटर. रस्त्याच्या शेवटी, तापीच्या काठाला, सुरतेचा किल्ला.

हा किल्ला गुजरातच्या सुलतानाच्या काळातला, १५४६ च्या सुमारास पूर्ण झालेला. बांधून घेणारा खुदावंद खान हा मूळचा परदेशी, नंतर सुलतानाचा सरदार झालेला. किल्ला बांधायची गरज का पडली? कारण पोर्तुगीजांनी १५१२, १५३० आणि १५३१ अशी तीनदा सुरत जाळली, लुटली होती. १५७३ मध्ये अकबराने वेढा घालून तो घेतला, आणि सुरत मुघलांकडे गेली.

अलीकडच्या काळात महापालिकेने किल्ला छान दुरुस्त करून आत म्युझियम केलंय. जाडजूड भिंती आणि कोपऱ्यांवरचे गोल बुरूज बघा, आणि आकारही बघा. राजगड, रायगड बघितलेल्या माणसाला हा किल्ला अगदी लहान वाटतो. कारण तो राज्य करायला नव्हता, नदीतून येणाऱ्यांवर नजर ठेवायला होता. पुढे १६६४ मध्ये शहरावर संकट आलं तेव्हा मुघल सुभेदार इनायत खान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं.

दुसरा स्टॉप: मुगलीसरा

किल्ल्याहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मुगलीसरा नावाचा भाग आहे. तिथे सुरत महापालिकेचं मुख्य ऑफिस आहे. आणि ऑफिस ज्या इमारतीत आहे ती शाहजहानच्या काळातली सराई आहे, १६४४ मधली. म्हणजे जिथे आज लोक टॅक्स भरायला रांग लावतात, तिथे पावणेचारशे वर्षांपूर्वी हजला निघालेले यात्रेकरू मुक्काम करायचे.

सुरतेला तेव्हा मक्केचा दरवाजा म्हणायचे. उत्तरेतून आणि दख्खनमधून निघालेले यात्रेकरू इथे येऊन जहाजात बसायचे. १६९५ मध्ये ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचं मोठं जहाज यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परत येत होतं, तेव्हा हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते समुद्रात लुटलं. बादशाह इतका भडकला की सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एका जहाजामुळे कंपनीचा अख्खा धंदा अडचणीत आला होता.

सराईच्या दारात उभं राहून विचार करा: दख्खनचा यात्रेकरू इथपर्यंत आला कुठल्या रस्त्याने?

तिसरा स्टॉप: एका दरवाजाचं नाव

आता माझी आवडती जागा. तिथे बघायला काहीही नाही.

जुन्या सुरतेत भागळच्या आसपास एक वस्ती आहे, बुरहानपुरी भागळ. भागळ म्हणजे गावात शिरायची वेस. बुरहानपूर म्हणजे आपलं बऱ्हाणपूर, खान्देश सुभ्याची राजधानी. दिल्लीकडे जाणारा तो दिल्ली दरवाजा, आणि बऱ्हाणपूरकडे, म्हणजे आपल्याकडे, जाणारा तो बऱ्हाणपूर दरवाजा.

सुरतेहून आग्र्याला जायचे दोन मुख्य रस्ते होते. एक अहमदाबादवरून, दुसरा खान्देशातून बऱ्हाणपूरवरून. विल्यम फिंच नावाचा इंग्रज १६१० च्या जानेवारीत या दुसऱ्या रस्त्याने गेला आणि त्याने मुक्कामांची नावं लिहून ठेवली. नंदुरबार, निमगूळ, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर. स्पेलिंग सगळी त्याच्या कानाला ऐकू आली तशी, पण गावं आपलीच. नंदुरबार त्याला आवडलं, तिथल्या कबरी, किल्ला आणि तलाव त्याने नोंदवला. निमगूळ आणि सिंदखेड्याला मात्र त्याने घाणेरडं म्हणून टाकलं. थाळनेरबद्दल लिहिलं की पावसाळ्यात नावेशिवाय नदी ओलांडता येत नाही. दोंडाईचा त्याच्या यादीत नाही, पण निमगूळ आपल्या शेजारचंच.

१६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो जहांगीर बादशाहला भेटायला निघाला, तोही याच रस्त्याने. सुरत ते बऱ्हाणपूर त्याला साधारण दोन आठवडे लागले. नंतर फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये इथून गेला. नवापूर हे विणकरांचं गाव आहे, असं तो लिहितो, आणि तिथल्या बारीक सुगंधी तांदळाचं कौतुक करतो. तो तांदूळ भेट म्हणून इराणला पाठवला जायचा. बऱ्हाणपूरचं पातळ, झिरझिरीत कापड तर इराण, तुर्कस्तानपर्यंत जायचं.

आता सुरुवातीचा प्रश्न. सर्व्हरवर डेटा कुठून यायचा? इथून. नवापूरचा तांदूळ, बऱ्हाणपूर आणि धरणगावचं कापड, आग्र्याकडची नीळ. बैलगाड्या आणि वंजाऱ्यांचे तांडे हा सगळा माल घेऊन आपल्या शिवारातून पश्चिमेला जायचे. सुरत बंदर म्हणजे किनारा एवढंच समजलं तर अर्धं बंदर कळलं. उरलेलं अर्धं बंदर म्हणजे हा रस्ता, आणि तो खान्देशात आहे.

रस्त्याची वाईट बाजूही सांगायला हवी. १६३० मध्ये गुजरात आणि खान्देशात भयंकर दुष्काळ पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला. वाटेत दोन्ही बाजूंना मेलेली माणसं पडली होती, असं तो लिहितो. नंदुरबारला तंबू ठोकायला जागा मिळेना, इतकी प्रेतं. ज्या रस्त्याने एरवी सगळ्या जगासाठी कापड जायचं, त्या रस्त्यावरच्या लोकांना खायला दाणा नव्हता. बंदर श्रीमंत असलं म्हणजे मागचा मुलूख श्रीमंत असतोच असं नाही. हे वाक्य आजच्या सुरतेलाही लावून बघा.

सुरतेची लूट आणि आपण

सुरत म्हटलं की शाळेतला धडा आठवतोच. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली. पहिल्यांदा जानेवारी १६६४, दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७०.

पहिल्या वेळी महाराजांचा तळ कुठे होता माहितीये? शहराबाहेर, बऱ्हाणपूर दरवाजाजवळ. म्हणजे मघाशी आपण जिथे काहीच बघितलं नाही, तिथेच. त्याआधी तीन वर्षं शायिस्ताखान पुण्यात बसला होता आणि स्वराज्याचा मुलूख त्याने उद्ध्वस्त केला होता. त्याची भरपाई मुघलांच्या सगळ्यात श्रीमंत शहरातून करायची, हा हिशोब होता. विरजी व्होरा, हाजी झाहिद बेग अशा बड्या व्यापाऱ्यांचे वाडे लुटले गेले. डचांचा दलाल मोहनदास पारेख हा दानशूर माणूस होता म्हणून त्याच्या घराला हात लावला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निये करतो. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याने माणसं उभी करून वखार राखली. यानंतर औरंगजेबाने शहराभोवती विटांची पक्की भिंत बांधायला लावली.

आता हा धडा जरा खान्देशातून वाचू. १६७० मध्ये सुरत मारून महाराज बागलाणातून परत निघाले, तेव्हा दिंडोरीजवळ मुघलांनी वाट अडवली आणि तिथे हरले. दोन महिन्यांत, डिसेंबर १६७० मध्ये, मराठा फौजा थेट खान्देशात शिरल्या. प्रतापराव गुजरांनी इथल्या गावांकडून चौथाई द्यायचं लेखी कबूल करून घेतलं. १६७५ मध्ये धरणगाव लुटलं गेलं, त्यात तिथल्या इंग्रजांच्या वखारीलाही फटका बसला. त्याची भरपाई मागायला कंपनीचा माणूस रायगडापर्यंत गेला.

मला यात एक पॅटर्न दिसतो. सुरतेची नाडी दाबायची तर सुरतेला येणारा रस्ता हातात पाहिजे, हे महाराजांना पक्कं कळलं होतं. म्हणून सुरत, मग खान्देश, मग धरणगाव.

आणि आपण त्या गोष्टीत कुठे होतो? अभिमानाने ऐकताना आपण आपोआप मावळ्यांच्या रांगेत उभे राहतो, आणि ते बरोबरच आहे, तो आपला वारसा आहे. पण त्या वेळी खान्देश मुघल सुभा होता. कापड विणणारा, गाडी हाकणारा, सुभेदाराला सारा भरणारा आणि वर चौथाईही कबूल करणारा माणूसही आपलाच पूर्वज. धडा दोन ओळींचा असतो, पूर्वज बरेच असतात.

चौथा स्टॉप: कबरी

कतारगाम दरवाजाच्या बाजूला इंग्रजांची आणि डचांची जुनी कब्रस्तानं आहेत. आर्मेनियन कबरीही तिथेच. पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा. फोटो काढायचे असतील तर इथे काढा, कारण असं दृश्य आपल्या भागात दुसरीकडे नाही: ख्रिश्चन माणसांच्या कबरी, पण घुमट आणि कमानी मुघल थाटाच्या.

मघाचा जॉर्ज ऑक्सेंडन इथेच आहे. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आधीच, १६५९ मध्ये गेलेला. दोघांचं मिळून एक दुमजली स्मारक आहे. डचांच्या बाजूला हेन्ड्रिक व्हॅन रीड याची मोठी अष्टकोनी कबर आहे. तो १६९१ मध्ये वारला. याने केरळमधल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला होता. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचा आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट या कोंकणी वैद्यांचा मोठा हात होता. ज्ञान त्यांचं, घुमट याचा.

इंग्रज आणि डच यांच्यात कबरींवरूनही स्पर्धा होती, असं त्या आकारांकडे बघून वाटतंच. मेल्यावरही दाखवायचं होतं की आमचा धंदा मोठा.

आणि इथे मला उत्तर मिळतं. समुद्राने आले त्यांची नावं दगडात आहेत. रस्त्याने आले त्यांचं एका वेशीला दिलेलं नाव उरलंय, तेही आपल्या राजधानीचं, माणसाचं नाही. नवापूरचा विणकर, थाळनेरचा नावाडी, तांड्याचा नायक, यांची सुरतेत एकही पाटी नाही.

रस्ता गेला, रूळ आले

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला नेलं. मुंबईला खोल पाणी होतं, गाळाचा त्रास नव्हता. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्लाच घेतला, १८०० मध्ये कारभारही. तोवर बंदर म्हणून सुरत मागे पडली होती. आपला मालही पुढे रेल्वेने मुंबईकडे वळला.

मग १८९९-१९०० मध्ये तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली, सुरत ते अमळनेर. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीकडे तिचा कारभार होता. मॅपवर बघा, ही लाईन नवापूर, नंदुरबारपर्यंत जवळपास जुन्याच रस्त्याच्या वाटेने येते. फरक पुढे पडतो. जुना रस्ता थाळनेरला तापी ओलांडून उत्तरेच्या काठाने चोपड्याकडे जायचा. रेल्वे दक्षिणेलाच राहिली. दोंडाईचा, सिंदखेडा, अमळनेर यांना स्टेशन मिळालं, थाळनेर बाजूला पडलं. एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी असलेलं गाव, आज आपल्यातल्या किती जणांनी बघितलंय?

आणि या रुळांवरून नंतर कापूस, मिरचीपेक्षा जास्त काय गेलं असेल तर माणसं. उधना, लिंबायत, दिंडोलीत आज इतके खान्देशी आहेत की रस्त्यावर अहिराणी सहज कानावर येते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगची साथ आली तेव्हा लाखो लोकांनी सुरत सोडली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडल्यावर सुरत बुडाली. दोन्ही वेळा आपल्या गावागावांत लोक काळजीत होते, कारण तिकडे घरचं माणूस होतं. जुन्या काळी खान्देशातून कापड विणून जायचं, आता विणणारे हातच तिकडे गेले.

मग जायचं कसं?

सकाळी लवकर पोहोचा. दिल्ली गेट, राजमार्ग, बुरहानपुरी भागळ, किल्ला, मुगलीसरा आणि दुपारनंतर कतारगामच्या कबरी. एका दिवसात आरामात होतं. मध्ये लोचो खा, परत येताना घारी घ्या, त्याशिवाय घरचे दारात उभं करणार नाहीत. आणि पुढच्या रविवारी थाळनेरला जा. नदीकाठचे किल्ल्याचे अवशेष आणि फारुकी सुलतानांच्या कबरी बघा. एकाच बंदराची दोन टोकं आहेत ती.

सुरतेत राहणारे जे श्रोते आहेत, त्यांना एक वेगळं सांगणं आहे. रविवारी लूम बंद असेल तेव्हा आई-वडिलांना घेऊन किल्ला दाखवा. वीस-तीस वर्षं सुरतेत काढून चौकापर्यंत न गेलेली बरीच माणसं आहेत. शहर त्यांचंही आहे, तिकीट काढून बघायचा हक्क त्यांचाही आहे.

आणि एक काम सगळ्यांसाठी. तुमच्या घरातला सुरतेला गेलेला पहिला माणूस कोण? कुठल्या साली गेला, कुणाच्या ओळखीने, पहिली रात्र कुठे काढली, पहिला पगार किती होता? फोन हातात आहेच, रेकॉर्डर चालू करा आणि विचारा. आजोबा असतील तर आजच विचारा. ऑक्सेंडनला घुमट मिळाला कारण त्याच्याकडे पैसा होता. आपल्या माणसाची निदान अर्ध्या तासाची ऑडिओ फाईल तरी असू द्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!